किरण जातात, पदार्थ मागे राहतो

घरातल्या कोणाचं ‘रेडिएशन चालू आहे’ असं कळलं की एक प्रश्न हमखास दबक्या आवाजात विचारला जातो: लहान मुलांना त्यांच्याजवळ जाऊ द्यायचं का? याला एकच उत्तर नाही. कर्करोगाच्या गाठीवर बाहेरून, यंत्राने किरण सोडले जात असतील, तर उपचाराच्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाजवळ जायला घरच्यांनी भिण्यासारखं काहीही नसतं. नातवाला त्यांनी खुशाल मांडीवर घ्यावं. थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-131 पोटातून दिलं असेल, तर मात्र तो माणूस काही दिवस स्वतःच किरणांचा उगम असतो. त्याच्या लाळेत, घामात, लघवीत ते आयोडीन असतं, आणि लहान मुलं व गरोदर बायका यांच्यापासून त्याला खरोखरच लांब राहावं लागतं. दोन रुग्णांना दोन उलट सूचना. घरी मात्र दोघांबद्दल एकच सांगितलं जातं: रेडिएशन दिलंय.

मग पहिल्याला आजारपणात वर एकटेपण सोसावं लागतं, आणि दुसऱ्याच्या घरी जिथे जपायला हवं तिथे जपलं जात नाही. किरण आणि किरणोत्सारी पदार्थ यांतला फरक ही शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरती पाठ करायची गोष्ट आहे, असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं आहे की हा फरक सार्वजनिक सुरक्षेचा आहे. ज्यांच्या शब्दावर लोक वागतात, म्हणजे सरकारी यंत्रणा, रुग्णालयं आणि बातम्या देणारे, त्यांनी तो पाळणं बंधनकारक मानायला हवं. तो न पाळल्यामुळे माणसं दगावली आहेत, आणि वाचलेल्या माणसांचा छळही झाला आहे.

फरक मुळात अवघड नाही. प्रारण (इंग्रजीतलं ‘रेडिएशन’) म्हणजे एका जागेहून निघून दुसरीकडे जाणारी ऊर्जा, लहरींच्या रूपातली किंवा सुट्या कणांच्या रूपातली. सूर्याचा उजेड, रेडिओच्या लहरी, क्ष-किरण, गॅमा किरण ही सगळी प्रारणं. ‘किरणोत्सारी’ हे विशेषण पदार्थाचं आहे: ज्याच्या अणूंची केंद्रकं अस्थिर आहेत आणि आपोआप बदलताना प्रारण बाहेर टाकतात, असा पदार्थ. प्रारण वाटेत कशात तरी शोषलं जातं आणि संपतं. पदार्थ सांडतो, उडतो, चिकटतो, पाण्यात विरघळतो, पोटात जातो, आणि आपल्या ठरलेल्या गतीनेच विझत राहतो. आयोडीन-131 निम्मं व्हायला 8 दिवस लागतात, कोबाल्ट-60 ला सव्वापाच वर्षं, सीझियम-137 ला 30 वर्षं. त्याला बंद करायचं बटण नसतं.

या दोन गोष्टी सापडल्या त्याही वेगवेगळ्या. नोव्हेंबर 1895 मध्ये विल्हेल्म रोंटगेनला क्ष-किरण दिसले ते विजेवर चालणाऱ्या नळीतून. वीज बंद केली की किरण बंद. पुढच्याच वर्षी आंरी बेकेरेलने खणात ठेवलेली छायाचित्रणाची काच काळी पडलेली पाहिली. तिथे वीज नव्हती, ऊनही नव्हतं, फक्त युरेनियमचे क्षार होते. ते कोणी सुरू केलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी थांबवण्याचा प्रश्नच नव्हता. 1898 मध्ये मारी क्युरीने पदार्थाच्या या गुणाला स्वतंत्र नाव दिलं: रेडिओअॅक्टिव्हिटी, म्हणजे आपला ‘किरणोत्सर्ग’. म्हणजे शास्त्राला हा भेद पहिल्या तीन वर्षांतच उमगला होता. मराठी परिभाषेतही ‘प्रारण’ आणि ‘किरणोत्सर्ग’ हे शब्द वेगळे ठेवले गेले. पण प्रारण पाठ्यपुस्तकाच्या बाहेर फारसं पडलंच नाही, आणि बातम्यांमध्ये मोबाइलच्या मनोऱ्यापासून अणुभट्टीपर्यंत सगळ्यांना ‘किरणोत्सर्ग’ हा एकच शब्द लावला जातो.

गैरसमज कुठे होतो तेही नेमकं सांगता येतं. किरण ज्याच्यावर पडले ते स्वतः किरण टाकू लागतं, अशी एक समजूत खोलवर रुजली आहे. उन्हात वाळवलेले कपडे रात्री उजेड देत नाहीत, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. क्ष-किरण काढलेल्या छातीचं, विमानतळावर तपासलेल्या पिशवीचं, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या जेवणाचंही तसंच आहे.

याला एक खरा अपवाद आहे आणि तो लपवू नये. काही प्रकारचं प्रारण, मुख्यतः न्यूट्रॉन, अणूच्या केंद्रकात शिरून त्यालाच अस्थिर करू शकतं. 1934 मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी अॅल्युमिनियमवर अल्फा कणांचा मारा करून किरणोत्सारी फॉस्फरस तयार केला आणि त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. 30 सप्टेंबर 1999 रोजी जपानमधल्या तोकाइमुरा इथे युरेनियमचं द्रावण प्रमाणाबाहेर एका टाकीत ओतलं गेलं, साखळी अभिक्रिया सुरू झाली, आणि तिथल्या कामगारांच्या अंगातलं साधं सोडियम न्यूट्रॉनांमुळे किरणोत्सारी झालं. रक्तातल्या त्या सोडियमवरूनच त्यांना किती मात्रा बसली याचा अंदाज बांधला गेला. तिघांपैकी दोघे वाचले नाहीत. पण असे न्यूट्रॉन अणुभट्टीच्या गाभ्यात, अण्वस्त्राच्या स्फोटात किंवा अशा अपघातात भेटतात. क्ष-किरणांच्या खोलीत नाही.

अन्न टिकवण्यासाठी त्यावर किरणांचा मारा करण्याची पद्धत याच अपवादाचं भान ठेवून आखलेली आहे. त्यासाठी कोणते किरण वापरायचे याला आंतरराष्ट्रीय मर्यादा आहेत: कोबाल्ट-60 किंवा सीझियम-137 चे गॅमा किरण, 50 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे क्ष-किरण, 1 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे इलेक्ट्रॉन. अन्न त्यामुळे किरणोत्सारी होऊ नये, म्हणूनच ऊर्जेच्या या सीमा घातल्या गेल्या. जंतू आणि किडे मरतात, कोंब फुटत नाहीत. कोबाल्ट मात्र धातूच्या बंद कांडीत असतं, त्याचा कणही अन्नाला लागत नाही. सरासरी 10 किलोग्रेपर्यंतच्या मात्रेने (ग्रे हे शोषल्या गेलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप) कोणत्याही अन्नात विषारी धोका निर्माण होत नाही, असा निष्कर्ष अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1980 मध्येच दिला. तरीही ‘किरणोत्सर्ग केलेलं अन्न’ असं लिहिलेलं वाचून गिऱ्हाईक हात मागे घेतो, आणि मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. ज्या शब्दाने त्याला अणुभट्टीच्या अपघाताची बातमी कळली होती, तोच शब्द त्याने पाकिटावर वाचला.

हे नुकसान तसं सौम्य. जिथे जीवच पणाला लागतो, तिथे या गोंधळाचं खरं रूप दिसतं.

किरणांपासून बचावाचे नियम जुने आणि साधे आहेत: उगमापासून लांब जा, कमीत कमी वेळ थांबा, मध्ये जाड आडोसा ठेवा. किरणोत्सारी पदार्थ हवेत किंवा जमिनीवर पसरला असेल तर एवढं पुरत नाही. तिथे प्रश्न असतो तो अंगावर काय बसलं, श्वासातून काय आत गेलं आणि ताटात काय आलं हा. दारं-खिडक्या लावून आत थांबणं, वरचे कपडे काढून बाजूला बांधून ठेवणं, अंग धुणं, उघड्यावरचं न खाणं या तिथल्या युक्त्या.

एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलच्या भट्टीतून आयोडीन-131 बाहेर पडलं. ते गवतावर बसलं, गाईंनी गवत खाल्लं, दुधातून ते मुलांच्या थायरॉइडमध्ये साठलं. या आयोडीनचं आयुष्य थोडं असतं; काही आठवडे ते दूध मुलांच्या पोटात जाऊ न देणं हा सगळ्यात मोठा बचाव होता. अनेक ठिकाणी लोकांना ते वेळेवर सांगितलंच गेलं नाही. 2005 पर्यंत बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघाताच्या वेळी जे मुलं किंवा किशोरवयीन होते त्यांच्यात थायरॉइडच्या कर्करोगाचे 6,000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यातला मोठा वाटा त्या दुधाचा मानला जातो. ‘रेडिएशन आलंय’ असं ऐकून आई मुलाला घेऊन भट्टीपासून शंभर किलोमीटर लांब गेली असती आणि तिथे जवळच्या गोठ्यातलं दूध त्याला दिलं असतं, तर अंतर वाढूनही तो वाचला नसता. ‘दूध देऊ नका’ हे वाक्य किरणांच्या भाषेतून निघतच नाही. ते पदार्थाच्या भाषेतून निघतं.

याची उलटी बाजू मार्च 2011 मध्ये दिसली. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या अपघाताची बातमी आली आणि पॅसिफिकच्या पलीकडे अमेरिकेत आयोडीनच्या गोळ्या संपल्या, चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी रांगा लागल्या. आयोडीनची गोळी थायरॉइडला साध्या आयोडीनने आधीच भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. तिचा उपयोग इतकाच. सीझियमवर ती चालत नाही आणि बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवरही नाही. मिठातल्या आयोडीनची तर मात्राच फार कमी. ‘रेडिएशनवरचं औषध’ म्हणून लोकांनी ज्याच्यामागे धाव घेतली, तसं औषध अस्तित्वातच नव्हतं.

पण हा विषय ज्याला मनापासून समजून घ्यायचा आहे, त्याने ब्राझीलमधल्या गोयानियाची हकिगत वाचावी. सप्टेंबर 1987 मध्ये तिथे एका बंद पडलेल्या किरणोपचार केंद्रात जुनं यंत्र तसंच सोडून दिलेलं होतं. भंगार गोळा करणाऱ्या दोघांनी त्याचा आतला भाग काढून नेला आणि फोडला. आत सीझियम-137 चा क्षार होता, वजनाने शंभर ग्रॅमहूनही कमी. अंधारात तो निळसर चमकायचा. भंगारवाल्याला ते अपूर्व वाटलं. त्याने घरी आणलं, नातलगांना आणि शेजाऱ्यांना दाखवलं, चिमूटभर वाटलंही. कोणी ते अंगाला लावलं. सहा वर्षांच्या एका मुलीने ती भुकटी हाताळली आणि त्याच हातांनी खाल्लं. दोन आठवडे असे गेले. शेवटी भंगारवाल्याच्या बायकोच्या लक्षात आलं की घरातले सगळे एकदम आजारी पडतायत, आणि त्याचं कारण त्या वस्तूत आहे. तिनेच ती पिशवीत घालून आरोग्य कार्यालयात पोहोचवली. ती वाचली नाही. ती मुलगीही नाही. एकूण चार जणांचा मृत्यू झाला. 1,12,000 हून अधिक लोकांना स्टेडियममध्ये तपासण्यात आलं. 249 जणांच्या शरीरावर, शरीरात किंवा कपड्यांवर सीझियम सापडलं. घरं पाडावी लागली, माती उकरावी लागली, आणि शंभर ग्रॅमच्या त्या क्षारातून सुमारे 3,500 घनमीटर किरणोत्सारी कचरा तयार झाला.

उपचाराच्या यंत्रात ते सीझियम बंदिस्त होतं तोवर ते फक्त किरणांचा उगम होतं, आणि त्या किरणांनी रुग्णांवर उपचारही झाले होते. आवरण फुटलं त्या क्षणी ती भुकटी झाली, आणि भुकटी बोटांवरून, बुटांवरून, नोटांवरून शहरभर गेली.

गोष्ट तिथे संपत नाही. त्या मुलीला शिशाने मढवलेल्या शवपेटीतून दफनभूमीत नेलं, तेव्हा जमावाने दगडफेक केली. तिला इथे पुरू नका म्हणून. गोयानियाच्या लोकांना बाहेर हॉटेलांमध्ये जागा नाकारल्या गेल्या, आणि आपल्या अंगावर काही नाही असे दाखले हजारोंना घ्यावे लागले. एकाच शहराने एकाच महिन्यात दोन्ही चुका पाहिल्या. जिथे भ्यायलाच हवं होतं तिथे कोणी भ्यायलं नाही, कारण भुकटीला हात लावू नये हे कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि नंतर ज्यांच्या अंगावर कणही नव्हता त्यांची लोकांना भीती वाटली, कारण रेडिएशन हा माणसाकडून माणसाला लागणारा रोग आहे असं वाटू लागलं होतं. दगड मारणारे दुष्ट होते असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. माती, काँक्रीट आणि शिसं यांच्या आत बंद केलेलं सीझियम शेजाऱ्याच्या घरात शिरणार नाही, हे त्यांना पटेल अशा शब्दांत कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. 2010 मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-60 असलेलं जुनं उपकरण फोडलं गेलं आणि एकाचा जीव गेला. तेवीस वर्षं मध्ये गेली होती.

फुकुशिमाच्या विस्थापितांच्या वाट्यालाही अशी वागणूक आली. दुसऱ्या शहरातल्या शाळेत गेलेल्या मुलांना ‘जंतू’ म्हणून चिडवलं गेल्याची प्रकरणं जपानमध्ये गाजली. कपडे बदललेलं, अंग धुतलेलं मूल दुसऱ्या मुलाला काय देऊ शकतं? काहीच नाही. तिथल्या रहिवाशांमध्ये थेट किरणांमुळे झालेले आरोग्याचे दुष्परिणाम नोंदले गेलेले नाहीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने म्हटलं आहे. याउलट फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी निगडित म्हणून मान्य झालेले 2,000 हून अधिक मृत्यू स्थलांतराचे हाल, उपचारांत पडलेला खंड, खचलेली मनं यांच्याशी जोडलेले आहेत. त्यात म्हातारी आणि आजारी माणसं मोठ्या संख्येने होती. लोकांना हलवणं सगळीकडेच चूक होतं असं मी म्हणत नाही. जमिनीवर खरोखरच सीझियम बसलं होतं. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घाईने बसमध्ये चढवण्याचा धोका मोठा की काही दिवस बंद इमारतीत ठेवण्याचा, हा हिशेब मांडायचा तर बाहेर नेमका कोणता पदार्थ आहे, किती आहे आणि तो आत येईल का, हे विचारावं लागतं. नुसतं ‘रेडिएशन आहे’ एवढ्यावर असा हिशेब होत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. सामान्य माणसाला बारकावे कशाला, सरसकट भीती असलेली बरी, जास्तीच्या काळजीने काय बिघडतं? बरंच बिघडतं, हे वर आलंच. दुसरा आक्षेप त्याहून टोकदार आहे: हा फरक समजावणारे लोक बहुधा अणुउद्योगाचे असतात, आणि शेवटी ‘घाबरू नका’ एवढंच त्यांना म्हणायचं असतं. या संशयाला जागा आहे. केळ्यातही किरणोत्सारी पोटॅशियम असतं, तुमच्या शरीरातही असतं, हे वाक्य मी अशा प्रत्येक चर्चेत ऐकलं आहे. ते खरं आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात पोटॅशियम-40 चे दर सेकंदाला 4,000 हून अधिक विघटन होतात, आणि निसर्गातून मिळणारी सरासरी मात्रा जगभरात वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या परिणामाच्या हिशेबाने किरण मोजण्याचं एकक) धरली जाते. पण शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः सांभाळतं. केळं खाल्लं म्हणून ती वाढून राहत नाही. अपघातातून येणारं सीझियम मात्र आधी नव्हतंच, ते वरून येऊन पडलेलं असतं. केळ्याचं उदाहरण देऊन त्याबद्दलचा प्रश्न गप्प करणं मला अप्रामाणिक वाटतं.

उलट मी म्हणेन की अणुऊर्जेच्या विरोधकांनाच या फरकाची जास्त गरज आहे. चालू भट्टीच्या भिंतीबाहेर किरण येतात का, हा वाद त्यांच्यासाठी कमकुवत आहे. वापरलेल्या इंधनातल्या पदार्थांचं हजारो वर्षं काय करायचं, ते पाण्यात उतरले तर कोण जबाबदार, हा वाद बळकट आहे, आणि तो संपूर्णपणे पदार्थाचा वाद आहे. फुकुशिमाचं प्रक्रिया केलेलं पाणी 24 ऑगस्ट 2023 पासून समुद्रात सोडायला लागले, तेव्हा ‘समुद्रात रेडिएशन सोडलं’ असं म्हणणाऱ्यांना काहीच विचारता आलं नाही. पाण्यात ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, किती, असं विचारणाऱ्यांना मात्र आकड्यावर बोलता आलं: लिटरला 1,500 बेकेरेलची (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकेरेल) मर्यादा घातलेली होती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी 10,000 आहे. त्यांनी पुढे इतर मूलद्रव्यं किती गाळली गेली हेही विचारलं. कंपनीला उत्तर द्यायला लावणारा प्रश्न हा.

मोबाइलच्या मनोऱ्यांचं थोडक्यात. रेडिओलहरींमध्ये अणू फोडण्याचं सोडाच, रासायनिक बंध तोडण्याचंही बळ नसतं. 2011 मध्ये कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्ककारक’ या गटात ठेवलं, आणि त्यावर अभ्यास होत राहावा. पण ‘मनोऱ्याचा किरणोत्सर्ग’ असं लिहिलं की वाचकाच्या मनात तो मनोरा चेर्नोबिलच्या रांगेत जाऊन बसतो, आणि मग शांतपणे अभ्यास करण्याची शक्यताच मावळते.

खुणांच्या बाबतीतही आपण हलगर्जी आहोत. तीन पात्यांचं प्रारणाचं चिन्ह 1946 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे तयार झालं. आज तेच चिन्ह क्ष-किरणांच्या खोलीच्या दारावर असतं, आणि जीव घेऊ शकणाऱ्या कोबाल्टच्या डब्यावरही. पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ यंत्र चालू असताना आत येऊ नका एवढाच. दुसऱ्या ठिकाणी अर्थ आहे: हे कधीही उघडू नका. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटना यांनी मिळून एक नवं चिन्ह आणलं: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी, आणि पळणारा माणूस. ते मोठ्या उगमांच्या आतल्या आवरणावर लावायचं असतं, म्हणजे कोणी उपकरण खोलायला बसला तर अक्षरओळख नसतानाही त्याला कळावं. गोयानियात नेमकं हेच नव्हतं. पण हे चिन्ह किती लोकांनी पाहिलं आहे? शाळेच्या पुस्तकात, भंगाराच्या बाजारात, बंदरावर ते पोचायला हवं, आणि ते पोचवणं सरकारी यंत्रणांचं काम आहे.

बातमी देणाऱ्यांकडून माझी अपेक्षा मोजकी आहे. ‘रेडिएशनची गळती’ हे शब्द छापण्याआधी विचारा: गळला तो पदार्थ कोणता? तो आवरणाच्या बाहेर आला का, की बंद उगमाजवळ कोणी नको इतका वेळ उभं राहिलं? बाहेर आला असेल तर हवेत, पाण्यात की मातीत, आणि निम्मा व्हायला त्याला किती काळ लागतो? पदार्थ बाहेर आलेला नसेल, तर तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा. आपत्तीच्या वेळी घोषणा करणाऱ्या अधिकाऱ्याकडून अपेक्षा याहूनही कमी आहे: पहिल्याच वाक्यात लोकांना लांब पळायचं आहे की दारं लावून आत थांबायचं आहे ते सांगा, आणि दुसऱ्या वाक्यात मुलांना काय खाऊ-पिऊ घालायचं नाही ते.